खाडाखोडीचा हिशेब

गेल्या श्रावणात आमच्या घरी एक लहानसे महाभारत घडले. त्यास जमिनीचा तंटा कारण नव्हता, दागिन्यांची वाटणी नव्हती, की कोणाच्या लग्नातील मानपानही नव्हते. कारण होते अवघी दोन वाक्ये. आणि तीही अशा माणसाने लिहिलेली, की ज्यास जाऊन आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. वाचकांपैकी ज्यांच्या घरी एखादे कौटुंबिक पुस्तक चार गावी बसलेल्या चार जणांच्या हातून सिद्ध होत असेल, त्यांस आमची फजिती उपयोगी पडावी, म्हणून ती येथे निवेदन करतो.

आमचे मूळ घर आरमोरीस, वैनगंगेच्या काठच्या मुलुखात. आजोबांच्या वेळी हे गाव चांदा जिल्ह्यात मोडत असे. १९८२ साली गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तेव्हापासून ते तिकडे गेले. आजोबा शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका जाड वहीत आपल्या आठवणी लिहून ठेविल्या. वैनगंगेचे पूर, कोशाचे विणकर, डोंग्यातून नदी उतरून ब्रह्मपुरीस जाणे, तेथून नागभीडमार्गे छोट्या रुळांच्या गाडीने नागपूर गाठणे, मॉरिस कॉलेजातील दिवस, असा सारा ऐवज तीत आहे. ही वही दिवाळीपूर्वी छापावी व तिच्या दोनशे प्रती आप्तेष्टांत वाटाव्या, असे घरात सर्वानुमते ठरले. सर्वानुमते ठरलेल्या गोष्टींत पुढे जितके मतभेद होतात, तितके इतरत्र होत नसावेत!

कामाची वाटणी अशी झाली. धाकट्या भावाची मुलगी अमेरिकेत असते. तिने वहीच्या पानांची छायाचित्रे पाहून सगळा मजकूर संगणकावर उतरवून काढावा. पुण्याच्या चुलतभावाने भाषा तपासावी. नागपुरास धाकटा भाऊ व भावजय यांच्याकडे आमचे थोरले काका राहतात. तेथे भावजयीने काकांना विचारून नावे व साल-तारखा ताडून पाहाव्या. आणि शेवटचा हात आरमोरीच्या घरात बसून मी फिरवावा. कोणी काय बदलले हे सर्वांस कळावे, यासाठी पुतणीने पहिल्याच दिवशी बजावले, "काका, 'ट्रॅक चेंजेस' चालू ठेवूनच काम करा हं."

ज्यांस ही सोय परिचयाची नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. 'वर्ड'सारख्या लेखनयंत्रणेत ती चालू केली, म्हणजे खोडलेला शब्द नाहीसा होत नाही. त्यावर आडवी रेघ येते. घातलेला शब्द निराळ्या रंगात अधोरेखित होऊन उभा राहतो. प्रत्येक बदलापाशी करणाराचे नाव, दिवस व वेळ नोंदली जाते, आणि समासात टीप लिहिण्याचीही व्यवस्था असते. पुढे जबाबदार माणसाने एकेक बदल पाहावा व तो 'ॲक्सेप्ट' किंवा 'रिजेक्ट' करावा, म्हणजे स्वीकारावा अथवा नाकारावा. थोडक्यात, जी खाडाखोड पूर्वी शाईने कागदावर राहत असे, तिची ही हिशेबवही. वही चोख आहे. घोटाळे झाले ते हिशेब ठेवणाऱ्यांचे.

पहिला घोटाळा शुद्धलेखनाचा. आजोबांचे लिहिणे जुन्या वळणाचे. 'नाहीं', 'कांहीं', 'तेथें' असे अनुस्वार पानोपानी. १९६२ साली शासनाने महामंडळाचे लेखनविषयक नियम मान्य केले व हे अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु आजोबांच्या लेखणीतून ते अखेरपर्यंत गेले नाहीत. चुलतभावाने सोय चालू ठेवून ते सारे अनुस्वार एकजात पुसले. त्याबरोबर 'बोडी'चे 'तळे' केले आणि 'बांधी'चे 'शेत' केले. आमच्या झाडीपट्टीत बोडी ती बोडी आणि तलाव तो तलाव. परंतु हे पुण्याहून कसे दिसावे? परिणाम असा झाला, की हिशेबवहीत चार हजारांवर बदल जमा झाले. पान उघडावे तो गोवर उठल्यासारखे लाल. अशा वेळी एखादा खरोखरीचा बदल त्या ठिपक्यांच्या आड दडून बसला, तर त्यास शोधणार कोण?

दुसरा घोटाळा माझा. भावजयीकडून प्रत आली ती मी उघडली, तो काय, सारे पान स्वच्छ! मला वाटले, पुतणीने मागाहून सगळे निस्तरून टाकले असावे. वस्तुतः माझ्या पडद्यावर 'सिंपल मार्कअप' नावाचे दृश्य निवडलेले होते. त्यात बदल झाकलेले असतात. समासात एक बारीकशी तांबडी उभी रेघ तेवढी दिसते, आणि माझ्या चष्म्यास ती दिसली नाही. झाकणे निराळे व काढून टाकणे निराळे. मोलकरणीने केर सतरंजीखाली सारला म्हणून घर झाडले गेले असे होत नाही. बदल खरोखर निकालात निघतात ते स्वीकारल्याने वा नाकारल्यानेच. मी ती प्रत तशीच नागपूरच्या एका छापखान्यास धाडली. तेथे ती उघडताच लाल रेघांचे रान दिसू लागले, आणि तिकडून निरोप आला, "साहेब, स्वच्छ प्रत पाठवा."

मी घाईत होतो. प्रथम समासातील सगळ्या टिपा एका आज्ञेने पुसल्या व प्रत साठविली. मग बोडी, बांधी वगैरे ठळक ठिकाणे तेवढी सुधारून, उरलेल्या चार हजार बदलांवर एकदम 'ॲक्सेप्ट ऑल'ची कळ दाबली आणि ती प्रत दुसऱ्या नावाने ठेविली. एका क्षणात सारे शांत झाले. अशी शांतता घरात पसरली, की जाणत्या माणसाने सावध व्हावे. मी मात्र चहा मागविला.

आठ दिवसांनी छापखान्याची मुद्रिते सर्वांकडे गेली आणि त्याच रात्री आत्याबाईंचा दूरध्वनी आला. आवाज कापरा होता. "अरे, आक्काआत्याची वाक्यं कुठं गेली? दादांनी लिहिलेली ती दोन वाक्यं कोणी काढली? तिचे सोने घेतले, आता नावही घेणार नाही काय?"

येथे आक्कांविषयी सांगितले पाहिजे. आक्का आजोबांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य, आणि मग सारा जन्म माहेरच्या स्वयंपाकघरात. मी तिला पाहिलेले नाही. परंतु तिच्या हातच्या आंबोणीची चव घरातील म्हातारी माणसे अजून सांगतात. आजोबा नागपुरास शिकले ते शिष्यवृत्तीवर, असे आम्हा मुलांस नेहमी सांगण्यात येई. वहीत मात्र त्यांनी निराळेच लिहून ठेविले होते. ती दोन वाक्ये अशी: "माझी पदवी ही आक्काच्या पाटल्यांची आहे. तिनें मला अक्षरें शिकव म्हणून सांगितलें होतें; दिवाळीच्या सुटींत शिकवीन म्हणालों, पण मीं वेळ काढला नाहीं."

मुद्रितांत ही दोन्ही वाक्ये नव्हती. तेथे आजोबा सरळ पदवी घेऊन आरमोरीस परतत होते.

मी टिपा पुसलेली परंतु बदल स्वीकारण्यापूर्वीची प्रत काढली आणि या वेळी 'ऑल मार्कअप' हे दृश्य निवडले. ती जागा सापडली. दोन्ही वाक्यांवर आडवी रेघ, आणि वर नाव माझ्या भावजयीचे.

वाचकहो, पुढील चार दिवसांची मला आजही लाज वाटते. मी भावजयीस काही विचारले नाही, भावास विचारले. भावाने तिला विचारले नाही. तो तिच्याशी बोलेनासा झाला. आत्याबाईंनी कोणाचे नाव न घेता पुण्यास एवढेच सांगितले, की बाहेरून आलेल्या माणसास या घराच्या ऋणाची काय कल्पना! वीस वर्षे ज्या बाईने काकांची औषधे, पथ्य, डोळ्यांतील थेंब सांभाळले, ती एका लाल रेघेमुळे बाहेरची ठरली. कागदावर नाव आहे म्हटल्यावर पुरावा आणखी कशाला हवा, अशी आमची सर्वांची समजूत.

अखेर तिलाच सुगावा लागला व तिने मला दूरध्वनी केला. रडली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "दादा, त्या बदलावर वेळ काय लिहिली आहे ते वाचून दाखवा." मी रेघेवर टोक नेले. मंगळवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे. "मंगळवारी अकराला मी वर्गावर असते," ती म्हणाली. "यंत्र माझे आहे, हात माझा नव्हता."

तेव्हा माझ्या ध्यानात ती गोष्ट आली, जी मला प्रथमच कळावयास हवी होती. ही हिशेबवही जे नाव लिहिते ते लिहिणाऱ्या हाताचे नसते. त्या यंत्रात जे नाव नोंदलेले असेल तेच ती प्रत्येक बदलावर उमटविते. एकाच यंत्रावर घरातील चार माणसे बसली, तर चौघांचे पुण्य व पाप एकाच्याच खाती जमा! नाव बदलण्याची सोय 'ऑप्शन्स'मध्ये आहे, पण ती पुढील बदलांस लागू पडते. मागील बदलांवरील नाव त्याने फिरत नाही. याच्या उलटही एक प्रकार आहे. साठविताना वैयक्तिक माहिती काढून टाकण्याची सूचना त्या प्रतीस दिलेली असली, तर सगळी नावे जाऊन प्रत्येक बदलापुढे केवळ 'ऑथर' एवढेच उरते, आणि गेलेली नावे त्या प्रतीत परत येत नाहीत. ज्यांच्या प्रतीत असे होते ते निदान निरपराध माणसावर संशय तरी घेत नाहीत.

भावजयीने मला मूळ पाठविलेली प्रत टपालपेटीतून हुडकून पुन्हा धाडली. तीत समासातल्या टिपा जशाच्या तशा होत्या. त्या दोन वाक्यांपाशी एक टीप होती. एका बोटाने अक्षर अक्षर शोधून लिहिलेली दिसत होती. मध्येच जोडाक्षर फुटलेले, विरामचिन्ह नाही. "ही दोन्ही वाक्ये येथे नकोत ती पहिल्या पानावर घ्यावी अर्पणपत्रिका म्हणून दुसरे वाक्य गाळू नये."

ते थोरले काका होते. वय चौऱ्याऐंशी. सून शाळेत गेल्यावर अक्षरे मोठी करून ते सगळी वही वाचीत व जेथे मनास येई तेथे दुरुस्ती करीत. त्यांना विचारले तेव्हा ते गोंधळून म्हणाले, "अरे, मी खोडले कुठे? उचलून पाटावर बसव म्हटले होते. तुम्ही वाचले नाही काय?"

वाचले नव्हते. रेघ मी स्वीकारली होती. रेघेचे कारण मी स्वतःच्या हाताने पुसले होते. ज्याने आक्कांस पहिल्या पानावर नेऊन बसविण्याचे मनात आणले, त्याचाच हात आक्कांस पुसणारा ठरला, आणि दोष गेला तिसरीच्याच माथी. काकांनी सुनेसमोर हात जोडले तेव्हा तिने ते धरून खाली घेतले. मी आरमोरीहून नागपुरास गेलो ते त्यानंतर दोन दिवसांनी. जे बोलावयाचे ते दूरध्वनीवर बोलण्यासारखे नव्हते.

त्या मुक्कामात भावजयीने व मी मिळून पुतणीची पहिली प्रत व माझी शेवटची प्रत एकमेकींशी ताडून पाहिल्या. आणखी काही हरवले असेल तर कळावे म्हणून. यासाठी 'कंपेअर' नावाची सोय आहे. ती दोन प्रतींतील भेद दाखविते. तेथेही एक मौज झाली. 'दुसऱ्या', 'साऱ्या', 'ॲ' अशा ठिकाणी दोन्हीकडे डोळ्यांस तेच दिसे, तरी यंत्र हट्टाने 'बदल, बदल' म्हणे. कारण असे, की 'दुसऱ्या'मधील तो अर्धा र यंत्राच्या पोटात दोन तऱ्हांनी साठविता येतो: एक, त्यासाठी असलेले 'ऱ' हे निराळे अक्षर वापरून, दुसरी, साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. तसेच 'ॲ' हे एक अक्षर म्हणूनही येते, आणि अ वर चंद्र ठेवूनही येते. पुण्याची कळफलकाची रीत एक, अमेरिकेची दुसरी. रूप एकच, घडण भिन्न. प्रथम दोन्ही प्रतींत 'शोधा व बदला' ही सोय वापरून एकच घडण केली, तेव्हा कुठे खरे भेद दिसू लागले. शिवाय ताडून पाहिल्याने काय बदलले ते कळते. कोणी बदलले हे कळत नाही, कारण सर्व भेद एकाच्याच नावाने मांडले जातात.

आता आमच्या घरापुरते काही नियम ठरले आहेत. मूळ प्रत निराळी ठेवावी व तिला कोणी हात लावू नये. प्रत्येकाने कामास बसताना यंत्रातील नाव पाहावे. अनुस्वारासारखी सरसकट दुरुस्ती सर्वांच्या संमतीने आधीच करून टाकावी, व मग खाडाखोडीची नोंद चालू करावी. अक्षरांचा आकार, ठळकपणा अशा वेशभूषेच्या बदलांनी पान भरले असेल, तर 'शो मार्कअप'मध्ये फक्त 'फॉरमॅटिंग' दिसते ठेवून, दिसणारे तेवढेच बदल स्वीकारावे. म्हणजे शब्दांचे बदल मागे सुरक्षित राहतात. टिपा वाचल्यावाचून पुसू नयेत. आणि 'ॲक्सेप्ट ऑल' ही कळ, घरात वडील माणसे आहेत असे समजून, त्यांस विचारल्यावाचून दाबू नये.

ही अक्कल काही नवी नाही. आमच्या विदर्भातच, ऋद्धिपुरास, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा जमविल्या, तेव्हा एकाच प्रसंगाची दोन माणसे दोन तऱ्हांनी आठवण सांगत. त्यांतील एक पुसून दुसरी ठेवावी असे त्या परंपरेने केले नाही. 'शोधु' आणि 'वासना' अशा खुणांनी निरनिराळे पाठ मजकुरातच नोंदले गेले. पुण्यास भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. तीत वर स्वीकारलेला पाठ आहे आणि खाली, बारीक अक्षरांत, न स्वीकारलेले पाठ आहेत, कोणत्या पोथीतून आले त्या खुणेसह. उलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ते उपकार थोरच आहेत, परंतु कोणता शब्द का पालटला याची यादी आपल्या हाती नाही, म्हणून अभ्यासक आजही जुन्या पोथ्या धुंडाळीत बसतात. बदल जपला, नाव जपले, तरी कारण जपले नाही तर हिशेब अपुराच राहतो. घरातील वैमनस्ये पुष्कळदा अशाच अपुऱ्या हिशेबावर पिढ्यान्‌पिढ्या चालतात. अमक्याने अमके केले एवढे सर्वांस पाठ असते. का केले, ती टीप कोणीतरी घाईत पुसलेली असते.

पुस्तक दिवाळीत निघाले नाही, मार्गशीर्षात निघाले. अर्पणपत्रिकेचे पान छापण्यापूर्वी खात्री करावी म्हणून मी मूळ वही उघडली. इतके दिवस आम्ही सारे पडद्याकडे पाहत होतो. वहीकडे पुतणीखेरीज कोणी पाहिलेच नव्हते. त्या दुसऱ्या वाक्याच्या शेवटी आजोबांनी आधी लिहिले होते, "पण मला वेळ मिळाला नाहीं." मग त्यांतील "मला" व "मिळाला" या शब्दांवर एक सरळ रेघ ओढून वर लिहिले होते "मीं" व "काढला". शाई तीच. गिरगटलेले नव्हते, खालचे शब्द स्वच्छ वाचता येत होते.

पुतणीने शेवटचे तेवढे उतरवून घेतले होते. नक्कल करणाऱ्याने तसेच करावे. परंतु काकांनी ते पान हातात धरून बराच वेळ पाहिले, आणि म्हणाले, "हे असेच छापा." म्हणून पहिल्या पानावर त्या दोन वाक्यांचे छायाचित्र आहे, आजोबांच्या हस्ताक्षरात, खोडलेल्या शब्दांसह. पहिली प्रत काकांनी सुनेच्या हाती दिली व अर्पणपत्रिका मोठ्याने वाचावयास सांगितली. जिला ती अर्पण केली तिला अक्षर येत नव्हते. तेव्हा ती वाचूनच दाखविली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे पडले.